आदल्या रात्रीचा धीर : नवशिक्यांसाठी

ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटला धीर द्यायला जाणं ही आपल्या खान्देशातली जुनी विद्या. पूर्वी ती कुणाला शिकवावी लागत नसे. एखाद्याचं हर्नियाचं ठरलं की पारोळ्यापासून पाचोऱ्यापर्यंतचे सगळे सोयरे आपोआप पिशव्या भरायला लागत. आता पोरं हिंजवडीत गेली. ती व्हिडिओ कॉलवर 'काळजी घ्या' म्हणतात आणि फोन ठेवतात. कधीतरी त्यांच्यावरही खाटेच्या कडेला बसून पेशंटचं बीपी वाढवायची वेळ येईल, तेव्हा हाताशी काही असावं म्हणून हे टिपण. लिहिणाऱ्याचा अधिकार विचाराल, तर जळगाव-धुळ्यात मिळून सव्वीस ऑपरेशनांच्या आदल्या रात्री मी जातीनं हजर होतो. त्यातले निम्मे पेशंट मला बघून उठून बसले होते.

निघताना

दारावर 'भेटण्याची वेळ सायंकाळी ४ ते ६' अशी पाटी असते. ती परक्यांसाठी. आपण रात्री साडेआठला पोहोचावं. वॉचमन अडवतोच, त्याला गाव विचारावं. तो धरणगावचा नाहीतर शिंदखेड्याचा निघतो, आणि धरणगावात आपलं कुणीच नाही असा माणूस जळगाव जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. दोन मिनिटांत नातं लागतं. जळगावच्या सरकारी दवाखान्यात जायचं असेल तर रिक्षात बसताना 'सिव्हिल' एवढंच म्हणावं. २०१८ पासून तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण एवढं लांब नाव सांगेपर्यंत रिक्षा पुढच्या चौकात गेलेली असते.

रिकाम्या हातानं जाऊ नये. रावेर-यावलकडचे असाल तर केळी न्यावीत, आणि डझनावर नाही, फणीच्या फणी. घरात नुकतंच लग्न झालं असेल तर दराब्याचे लाडू आहेतच. पेशंटला साखर आहे का, हा प्रश्न विचारू नये. तो डॉक्टरांचा विषय.

मुख्य वाक्य

नवशिक्यानं आधी एकच वाक्य घोटून घ्यावं : 'काही होत नाही.' खाटेजवळ गेल्याबरोबर म्हणावं, पेशंट काही विचारायला लागला की म्हणावं, आणि उठताना म्हणावं. या वाक्याची खुबी अशी की त्यात माहिती शून्य असते. पेशंटला विचारायचं असतं की मला उद्या किती वाजता नेतील, सुई कुठे टोचतील, मला कळेल का, किती दुखेल, कधी उठता येईल. 'काही होत नाही' या एका घावात पाचही प्रश्न उडतात. पुन्हा विचारायची सोय राहत नाही, कारण विचारलं तर तो भित्रा ठरतो. आपल्याकडे सत्तरीच्या माणसाला मेलेलं चालतं, भित्रं ठरलेलं चालत नाही.

तीनदा हे वाक्य झालं की चौथ्यांदा गोष्ट सांगायची. सुरुवात ठरलेली आहे : 'आमच्या साडूचंही असंच साधं होतं...' आणि मग थांबायचं. इथं नवशिके चुकतात. ते घाईघाईनं साडूचं पुढं काय झालं ते सांगून टाकतात. गोष्ट अर्धी ठेवण्यात हुशारी आहे. नेमका तेव्हा फोन यावा, आपण बाहेर कॉरिडॉरमध्ये जावं, दहा मिनिटांनी परत यावं आणि केळं सोलत म्हणावं, 'पण तुमचं तसं नाही.' मधल्या दहा मिनिटांत पेशंटनं साडूचं तेरावं उरकलेलं असतं.

खर्चाची चर्चाही खाटेच्या पायथ्याशीच करावी. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं की नाही, हे खाली काउंटरवरचा आरोग्यमित्र कागद बघून सांगू शकतो. पण खाली कशाला जायचं? वरच, पेशंटच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात, कुणाचा किती बिघा विकला गेला याचा हिशेब मांडावा.

मणक्यातली सुई

कमरेखालचं ऑपरेशन असेल तर बहुधा मणक्यातून भूल देतात. हा तर आपला हातखंडा विषय. 'एकदा मणक्यात सुई गेली की जन्माची पाठ गेली,' हे वाक्य बायकांच्या वॉर्डात आणि पुरुषांच्या वॉर्डात सारख्याच तयारीनं म्हणता यायला हवं. सिझर झालेली एखादी वहिनी सोबत असेल तर उत्तम. ती कमरेवर हात ठेवूनच आत येते.

पुढची माहिती पेशंटला चुकूनही कळू देऊ नये. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो, आणि सुई जाते त्याच्या खालच्या फटीतून, साधारण तिसऱ्या-चौथ्याच्या मधून. म्हणजे ज्या मज्जारज्जूला धक्का लागेल म्हणून सगळं गाव घाबरतं, तो तिथं नसतोच. पाठ म्हणाल तर बाळंतपणानंतर ती सुई घेतलेल्यांची दुखते तशी न घेतलेल्यांचीही दुखते. वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचं खापर सुईवर फोडता येईल असं अभ्यासांतून निघालेलं नाही. सुई दिल्यावर आधी पाय गरम लागतात, मग जड होतात. ऑपरेशन चालू असताना हात लावलेला, ओढलेलं-ताणलेलं समजतं, दुखत मात्र नाही. हे आधी माहीत नसलं तर पेशंटला वाटतं भूल लागलीच नाही, आणि तो टेबलावर ओरडतो. पाय तासन्‌तास हलत नाहीत, तेही ठरल्याप्रमाणेच असतं. आधी कुणी सांगितलं नसलं तर माणूस ते दोन-तीन तास लकवा झाला असं समजून काढतो.

या सुईचा जन्मही मोठा मजेचा आहे. १८९८ साली जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जननं ती आधी काही पेशंटना दिली, मग तो आणि त्याचा मदतनीस हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवरच प्रयोग केला. हिल्डेब्रांटचे पाय बधिर झाले, तेव्हा खरंच कळत नाही ना म्हणून बिअरनं त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारून पाहिली, जळती सिगार टेकवून पाहिली. रात्री दोघांनी जेवणाबरोबर वाइन घेतली, आणि पुढचे काही दिवस दोघांचीही डोकी फुटायची वेळ आली. तेव्हाच्या सुया जाड होत्या. आताच्या इतक्या बारीक असतात की ती डोकेदुखी पुष्कळ कमी झाली आहे, आणि झालीच तरी तिच्यावर इलाज आहे. आपण मात्र बिअरची गोष्ट हातोडीपर्यंतच सांगावी.

उपाशी

इथं जरा थांबतो, कारण हा प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला आहे. दवाखान्याचं नाव सांगत नाही.

पित्ताशयाचं ऑपरेशन, सकाळी दहाची वेळ. बाई साठीच्या, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. आदल्या दिवशी कुणीतरी सांगितलं होतं, 'मावशी, सकाळी उपाशी यायचं.' मावशी आल्या. भुलीच्या मॅडमनी विचारलं, 'सकाळपासून काही खाल्लं?'

'काही नाही.'

'चहा?'

'चहा घेतला ना. चहा काय खाणं आहे?'

'आणखी?'

'आणखी काही नाही. पाव वाटी साबुदाण्याची खिचडी. तूप नाही घातलं जास्त.'

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. मावशींना कळेना काय बिघडलं. त्यांनी कुणालाच फसवलं नव्हतं. अन्नाला त्यांनी हातही लावला नव्हता, फराळ केला होता. बत्तीस वर्षं एकादशी करणाऱ्या बाईला तुम्ही 'उपाशी' म्हणालात तर ती खिचडी करणारच, आणि वर थोडं दाण्याचं कूटही घालणार. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. मुलगा चिडला, सर्जन चिडले, सिस्टर मावशींवर चिडल्या. 'पाण्याशिवाय काहीही नको, फराळसुद्धा नको' हे पाच शब्द आदल्या दिवशी कुणी बोललं नव्हतं, आणि त्या न बोलणाऱ्यावर कुणीही चिडलं नाही.

उपाशी कशासाठी, हे तर मावशींना त्या दिवशीही कुणी सांगितलं नाही. भुलीत माणसाची खोकायची-गिळायची शुद्ध हरपते. पोटात काही असलं तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली बाळंतिणींच्या ६६ केसेस मांडून हा धोका दाखवला. त्यातून 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही' हा नियम जगभर पक्का झाला. आता तो बराच सैल झाला आहे : तळलेलं-तुपाचं आठ तास आधी बंद, हलकं खाणं सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, खाण्यात मोजतात. ज्याच्या-त्याच्या बाबतीत डॉक्टर वेगळी वेळ सांगतील ती खरी, पण निदान वेळ आणि कारण दोन्ही सांगावं लागतं. मे महिन्यात, जळगावात पारा ४५ वर असताना, म्हाताऱ्या माणसाला रात्री दहापासून दुसऱ्या दुपारपर्यंत घोटभर पाण्याविना ठेवून वर 'घाबरू नका' म्हणणं... असो. हे टिपण हलकंफुलकं ठेवायचं ठरलं होतं.

सहीचा मान

संमतिपत्रावर सही कोण करणार, हा आपल्याकडे लग्नातल्या आहेरासारखा मानाचा प्रश्न असतो. थोरला मुलगा सुरतेला असला तर तो येईपर्यंत कागद तसाच पडून राहतो. जावयानं केली तर भाऊबंद रुसतात. या सगळ्यात खाटेवर एक माणूस शुद्धीत, चष्मा लावून बसलेला असतो. तो दहावीपर्यंत शिकलेला असतो, सोसायटीच्या कर्जावर तो दरवर्षी सही करतो. त्याच्यापुढे कागद धरायची पद्धत नाही.

सुप्रीम कोर्टानं १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात नेमकं यावरच बोट ठेवलं. तपासणीसाठी म्हणून भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजांडं, ती भुलीत असतानाच, आईची सही घेऊन काढण्यात आली होती. कोर्ट म्हणालं, जाणता प्रौढ पेशंट असताना आणि जिवावरचं तातडीचं कारण नसताना आईची संमती ही संमती नव्हे. काय करणार, का करणार, धोके काय, दुसरा मार्ग आहे का, हे पेशंटला कळेल असं सांगून मग त्याचा होकार घ्यायचा. निकाल इतका सरळ आहे की आपल्याकडे तो पोहोचायला अजून काही वर्षं लागावीत.

मला मात्र या ठिकाणी नेहमी एक दुसरीच सही आठवते. १२ जानेवारी १९२४, पुण्याचं ससून रुग्णालय. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींचं अपेंडिक्स काढायचं होतं. सर्जन कर्नल मॅडॉक. इंग्रज सरकारला धास्ती, की हा माणूस टेबलावर गेला तर देश पेटेल. म्हणून त्या रात्री सगळं नीट सांगितलं गेलं, विचारलं गेलं. श्रीनिवास शास्त्री साक्षीला बोलावले गेले, आणि मॅडॉकवर आपला विश्वास आहे अशा अर्थाच्या मजकुरावर गांधीजींनी थरथरत्या हातानं सही केली. पुढं वादळी पाऊस झाला, ऑपरेशन चालू असताना वीज गेली, शेवट कंदिलाच्या उजेडात झाला, आणि पेशंट वाचला. विचार करा : सरकारनं आपल्या कैद्याला विचारलं. आपल्या खाटेवरच्या माणसाला घरचे विचारत नाहीत.

नाव काय, कुठली बाजू

त्याआधी दागिन्यांचं थोडक्यात. बांगड्या, जोडवी, नथ, कवळी, नखांचा रंग, सगळं उतरवावं लागतं. नखाला रंग असला तर बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा नीट वाचत नाही. जळगावची बाई सोन्याला घाबरत नाही, सोनं हातातून सुटण्याला घाबरते. मंगळसूत्र आयत्या वेळी, स्ट्रेचरवर झोपवून, 'काढा लवकर' म्हणून मागितलं की तिच्या डोळ्यांत पाणी येणारच. आदल्या संध्याकाळी सांगितलं तर ती स्वतः काढून सासूच्या नाहीतर आईच्या हातात देते आणि शांत झोपते. एवढीशी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या दारात पेशंटला नाव विचारतात. आत गेल्यावर पुन्हा नाव, कशाचं ऑपरेशन, डावी बाजू की उजवी. मग आणखी एक जण तेच विचारतो. पेशंटला घाम फुटतो : दोन दिवस झाले दाखल होऊन, यांना अजून मी कोण ते माहीत नाही! आपण बाहेरून सूर मिळवायचा, 'नीट सांगा हो, एकाचं दुसऱ्याला करतील.'

हे तेच टाळण्यासाठी आहे, हे सांगू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली १९ मुद्द्यांची एक यादी काढली : भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी मोठ्यानं विचारायच्या गोष्टी. ज्या आठ शहरांत ती तपासून पाहिली त्यांत नवी दिल्ली होती. आठही ठिकाणी मिळून मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आलं. या कामाचे म्होरके डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. म्हणजे बोस्टनमध्ये झालेली ही गोष्ट तशी आपल्या शेजारच्या विदर्भातलीच. पण नाव तीनदा विचारलं म्हणजे तीन माणसं जागी आहेत, हे पेशंटला कळलं तर तो घाबरणार कसा?

भूलतज्ज्ञ आल्यास

आपल्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकेल असा माणूस एकच : आदल्या रात्री राउंडला येणारे भुलीचे डॉक्टर. कधीकधी ते येत नाहीत, थेट सकाळी टेबलाशी भेटतात. तसं असेल तर प्रश्नच मिटला. आले तर काय करायचं, ते आमच्या नानांच्या वेळी मी शिकलो. म्हणजे हरलो.

नाना पारोळ्याकडचे, वय बहात्तर, उजव्या बाजूचा हर्निया. खाटेभोवती आम्ही नऊ जण. साडू सांगून झाला होता, सुई सांगून झाली होती, नाना छताकडे बघत होते. साडेनऊला एक मॅडम आल्या. चाळिशीच्या, साधी कॉटनची साडी, वर ॲप्रन, हातात फाइल. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि आम्ही उत्तरं द्यायला. 'दमा आहे?' 'नाही,' मोठा मुलगा. 'तंबाखू?' 'सोडली,' सून. 'कवळी?' 'वरची,' मी. मॅडमनी फाइल मिटली, स्टूल ओढून खाटेला अगदी टेकून बसल्या, म्हणजे आम्ही त्यांच्या पाठीमागे गेलो, आणि नानांना अहिराणीत विचारलं, 'नाना, तुमले कसानं भ्याव वाटस?'

नानांनी मान छताकडून वळवली. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. आम्ही तर भीती वाटून घेऊ नका एवढंच सांगत आलो होतो. मग ते म्हणाले, 'यासले भाहेर काढा.'

आम्हाला बाहेर काढलं. दार पुरतं लागत नव्हतं, म्हणून मला अर्धं ऐकू आलं. नानांना सुरीची भीती नव्हती, सुईचीही नव्हती. गावात कुणीतरी सांगितलं होतं की भुलीत माणूस बडबडतो, मनातलं सगळं बाहेर पडतं. नानांच्या मनात एक पैशाची गोष्ट होती, मुलीला दिलेली, मुलांना न सांगितलेली. आत मुलाच्या ओळखीचा कंपाउंडर असणार होता. एवढंच. ती रक्कम मी इथं लिहिणार नाही.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की तुम्हाला मणक्यातून भूल देणार आहे, तुम्ही पूर्ण शुद्धीत असाल, तोंड तुमच्याच ताब्यात राहील. मग सगळं क्रमानं : सकाळी किती वाजता नेणार, आत थंडी वाजेल, अंग थरथरेल, पांघरूण मागून घ्यायचं. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे, हनुवटी छातीला लावायची. सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं होईल, तेव्हा हलायचं नाही, बोलायचं. 'पाय गरम व्हतीन, मंग जड व्हतीन. तवय माले सांगा.' नंतर जखम किती दुखेल, ते विचारायची त्यांची रीतही गावाकडची होती : 'रुपयात किती आणे, ते सांगायचं. आठ आण्यांच्या वर गेलं की सिस्टरला हाक मारायची, सोसत बसायचं नाही.'

शेवटी पिशवीतून त्यांनी फुप्फुसांच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं खेळणं काढलं. नानांनी नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकर मारली. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. सगळेच फुंकतात. ते ओढायचं असतं : श्वास आत घेतला की गोळ्या वर चढतात. 'उसाचा रस पितात तसं,' मॅडम म्हणाल्या. नानांनी ओढलं. एक गोळी चढली, दुसरी चढली, तिसरी अर्ध्यावर जाऊन खाली पडली. नाना चिडले. पुन्हा ओढलं. त्या रात्री अकरापर्यंत खोलीत टक-टक असा त्या गोळ्यांचा आवाज येत होता, आणि आमच्यातल्या कुणाकडेही नानांचं लक्ष नव्हतं. हे खेळणं ऑपरेशननंतर, पोटाला टाके असताना, पहिल्यांदा हातात दिलं तर माणूस दुखतंय म्हणून बाजूला ठेवून देतो. आदल्या रात्री जमलेलं असलं तर दुसऱ्या दिवशी हात आपोआप तिकडे जातो.

या सगळ्याला मॅडमना साधारण वीस मिनिटं लागली. १९६४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञानं पोटाची ऑपरेशनं होणाऱ्या ९७ पेशंटवर नेमकं हेच करून पाहिलं होतं. निम्म्यांना आदल्या रात्री सांगितलं : कुठे दुखेल, किती, किती दिवस, कुशीवर कसं वळायचं, स्नायू सैल कसे सोडायचे. बाकीच्यांना नेहमीसारखंच ठेवलं. कुणाला सांगितलं, कुणाला नाही, हे सर्जनना माहीत नव्हतं. ज्यांना सांगितलं त्यांना दुखणं थांबवायची अफूजन्य औषधं जवळपास निम्मी लागली, आणि सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. त्याला साठ वर्षं होऊन गेली. खर्च म्हणाल तर एक स्टूल.

असा डॉक्टर आला तर धीर देणाऱ्यानं काय करावं? माझ्याकडे उपाय नाही. फार तर मधे मधे 'सगळं डॉक्टरांच्या हातात, वरच्याच्या हातात' असं म्हणून बघावं. मॅडमनी माझ्याकडे एकदाच वळून पाहिलं होतं. मी केळी खाली ठेवली.

दुसरा दिवस

ऑपरेशन झालं. नाना बाहेर आले ते डोळे उघडे ठेवून. पहिला प्रश्न मुलाला : 'मी काही बोलनू का?' मुलाला संदर्भ लागला नाही. संध्याकाळी नानांनी सिस्टरला बोलावून 'सहा आणे' असा आकडा सांगितला. सिस्टर नवीन, तिनं मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा नाना उशी पोटाशी धरून बसले होते, आणि शेजारच्या खाटेवर चोपड्याकडचा एक नवा माणूस आला होता. त्याचं उद्या होतं. चादर हातात गच्च धरून तो छताकडे बघत होता, नाना बघायचे तसा. नाना त्याच्याकडे कलून शिकवत होते : 'सुई टोचस, मंग पाय गरम व्हतस, मंग जड व्हतस. भ्यावानं काम नही. अंग कापस, कापू दे. गोदडी मांग.' गोळ्यांचं खेळणं त्यांनी त्याच्या हातात दिलं. त्यानं फुंकर मारली. नाना हसले, 'ओढ, ओढ.' एक गोळी वर गेली. माणसाच्या हातातली चादर जरा सैल झाली. मी मनात म्हटलं, झालं, आता आमची विद्या बुडाली.

तेवढ्यात त्यानं विचारलं, 'आन सुई केवढी ऱ्हास?'

नानांनी क्षणभर विचार केला. सुई आली होती पाठीमागून, आणि नानांचा चेहरा तेव्हा भिंतीकडे होता. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि एकमेकांपासून चांगले हातभर लांब नेले.